घरी बांधायचे विमान : कोणते निवडावे?

कार्तिक सरला, भाताची कापणी उरकली, की मावळातले आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. अशा एखाद्या सकाळी कामशेत-पवना भागातल्या टेकडीवर जाऊन उभे राहा. समोर पवनेचे निळे पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना, आणि डोक्यावर रंगीत कापडी पंखांना लटकून तरंगणारी माणसे! खाली बांधावर गुरे राखणारा पोरगा मान वर करून पाहतो. मुंबईहून सुटी काढून आलेला कारकूनही पाहतो. दोघांच्या मनात प्रश्न एकच : "हे आपल्याला जमेल का हो?"

काहींचा विचार तेवढ्यावर थांबत नाही. त्यांना वाटते, दुसऱ्याच्या पंखाखाली कशाला लटकायचे? आपणच एक लहानसे विमान बांधले तर? घरामागच्या पडवीत, सुटीच्या दिवशी, आपल्या हाताने!

वाचकहो, हसू नका. हा वेडेपणा जगात हजारो माणसांनी केलेला आहे आणि त्यांतले पुष्कळ जण आपल्याच विमानात बसून उडतही आहेत. पण आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. विमानात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ते घरासारखे बांधावे लागते आणि लग्नासारखे निभवावे लागते. म्हणूनच बांधायला घेण्यापूर्वी कोणते बांधायचे हा प्रश्न नीट सोडवला पाहिजे. तो चुकला तर पैसा जातो, वर्षे जातात, आणि कधी कधी त्याहूनही मोठे काही जाते.

आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण आधी घेऊ. कॅप्टन अमोल यादव हे मुंबईचे वैमानिक. विमान बांधण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न १९९८ सालचा. तो फसला, पुढचाही मनासारखा झाला नाही. तरी त्यांनी हिय्या सोडला नाही. कांदिवलीच्या चारकोप भागात, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा हे विमान सुटे करून गच्चीवरून खाली उतरवावे लागले. सरकारी नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाच्या चाचणीची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. १९९८ ते २०२० : बावीस वर्षे! पेशाने वैमानिक असलेल्या, घरच्यांची भक्कम साथ असलेल्या माणसाला एवढा काळ लागला. हा आकडा ध्यानात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

यादव यांनी विमानाची रचनाही स्वतःच केली. हा सर्वांत अवघड मार्ग. घरी विमान बांधण्याच्या वाटा तीन. पहिली, रचनाही आपली आणि बांधणीही आपली. दुसरी, रचना दुसऱ्या जाणत्याची. त्याचे नकाशे विकत घ्यायचे आणि लाकूड, नळ्या, पत्रे स्वतः जमवून कापायचे. तिसरी वाट किटची. कारखानदार पत्रे कापून, भोके पाडून, बरगड्या वाकवून, रिव्हेटांसकट पेट्यांत भरून पाठवतो. आपण सूचनापुस्तक समोर ठेवून ते जोडायचे. मुलांच्या मेकॅनोसारखेच, फक्त हा मेकॅनो आपल्याला घेऊन उडणार असतो.

रचना दुसऱ्याची घ्यावी असे मी आग्रहाने का म्हणतो, ते एका फ्रेंच माणसाच्या गोष्टीवरून कळेल. आंरी मिन्ये या गृहस्थांनी १९३३ साली एक चिमुकले विमान उडवले. नाव ठेवले 'पू द्यु सिएल', म्हणजे 'आकाशातली ऊ'! एकापाठोपाठ एक असे दोन पंख, पायाने चालवायचे काही नाही, सुतारकाम येणाऱ्या कोणालाही बांधता येईल अशी सोपी घडण. १९३४ साली त्यांनी पुस्तक काढले आणि फ्रान्स-इंग्लंडात घरोघरी करवती चालू लागल्या. पण मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली घालून सूर मारू लागले की काही केल्या वर येईना. १९३६ साली दोन्ही देशांतल्या मोठ्या वातबोगद्यांत तपासणी झाली, तेव्हा कारण सापडले. एका ठरावीक कोनापलीकडे पुढचा पंख मागच्या पंखावरची हवा बिघडवतो, आणि मग दांडी कितीही ओढली तरी नाक उचलत नाही. मिन्ये अप्रामाणिक नव्हते, बांधणारेही आळशी नव्हते. सांधे पक्के होते, लाकूड चांगले होते. चूक होती ती कागदावर, आणि ती कोणाच्या डोळ्यांना दिसणारी नव्हती. तेव्हा, वाचकहो, जी रचना शेकडो लोकांनी बांधून वर्षानुवर्षे उडवली आहे तीच घ्यावी. नवलाईच्या मागे लागू नये.

आता असे समजू, की आपण किट घ्यायचे ठरवले. माहितीपत्रकांतली चित्रे एकाहून एक देखणी असतात. पण चित्रे मिटून ठेवा आणि पहिला प्रश्न स्वतःला विचारा : मी उडणार कुठे?

आपण मावळचे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. माहितीपत्रकात विमान किती मीटर धावून उडते, मिनिटाला किती चढते, हे जे आकडे दिलेले असतात ते बहुधा समुद्रसपाटीचे आणि १५ अंश उष्णतेचे असतात. हवा तापली की विरळ होते आणि उंचीवर ती मुळातच विरळ असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ३५ अंशांवर गेला, की लोणावळ्याच्या पातळीवरची हवा विमानाला जवळजवळ १५०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटते. साध्या इंजिनाची ताकद अशा हवेत सुमारे १५ टक्क्यांनी घटते. म्हणजे १०० अश्वशक्तीचे इंजिन ८५ चेच काम करते. पंखांची उचलही त्याच वेळी कमी होते आणि प्रोपेलरची ओढही. कागदावर जे विमान टुणकन उडते, ते दुपारी दोन वाजता दोन धडधाकट माणसे घेऊन निघाले की धावपट्टी संपेपर्यंत धावतच राहते. तेव्हा माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नका. उंचीचा आणि उन्हाचा हिशेब करा, आणि 'जेमतेम पुरेल' असे उत्तर आले तर ते विमान आपले नव्हे असे समजा.

दुसरी गोष्ट जमिनीची. मावळ म्हणजे आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदळाचा मुलूख. खाचरे लहान, आणि दर खाचराला बांध. इंजिन हवेत बंद पडले तर उतरायचे कुठे? सपाट, लांब माळ इथे फार नाहीत. अशा वेळी वाचवतो तो विमानाचा मंद वेग. प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. त्याखाली पंखांची उचल तुटते. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. हा वेग जितका कमी, तितके जमिनीवर टेकणे सावकाश. आणि टकरीचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेतले गणित इथे जिवाशी येते. ताशी ५० किलोमीटरने बांधावर आदळणे आणि ७५ ने आदळणे यांत दिसायला फरक दीडपटीचा, पण बसणारा तडाखा सव्वादोनपट! ताशी दोनशे किलोमीटरने पळणारे विमान कोणाला आवडणार नाही? पण मावळच्या खाचरांवरून उडणाऱ्याने आधी विचारावे, 'बाबा रे, तू सावकाश किती चालतोस?'

तिसरी गोष्ट वाऱ्याची. सह्याद्रीच्या कड्यावर पश्चिमेचा वारा आदळला की वर उचलला जातो. त्याच्याच जोरावर कापडी पंखवाले तरंगतात. पण कड्याच्या मागल्या अंगाला तोच वारा भोवरे घालीत खाली येतो. लोहगड-विसापूरच्या आडोशाला हलके विमान अशा भोवऱ्यात सापडले तर पाचोळ्यासारखे हेलकावते. म्हणून आपल्याकडे उडण्याची वेळ सकाळची. आणि पावसाळ्यात? छे! लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि ढग रस्त्यावर येऊन बसतात. ते चार महिने विमान जमिनीवरच राहणार.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो. ते चार महिने विमान टिकेल कसे? म्हणजे, ते कशाचे असावे?

लाकडाचे विमान सर्वांत जुने आणि सुताराच्या हाताला सर्वांत ओळखीचे. अमेरिकेत मिनेसोटा प्रांतातल्या बर्नार्ड पीटनपोल नावाच्या माणसाने १९२० नंतरच्या दशकात फोर्ड मोटारीचे इंजिन लावून दोन आसनी 'एअर कँपर' बांधले. त्याच्या नकाशांवरून माणसे आजही विमाने बांधतात. आपल्याकडेही १९६१ साली उडालेले 'रोहिणी' हे ग्लायडर लाकडीच होते. पण मावळचा दमटपणा लाकडाला मानवत नाही. प्लायवूड फुगते, सरस सुटतो, आतून बुरशी धरते, आणि बाहेरून रंग छान चकाकत असतो. घराचे दार पावसाळ्यात अडकते, तसे विमानाचे सुकाणू अडकून चालेल काय?

दुसरा प्रकार पोलादी नळ्यांचे धड आणि वर कापड. आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे 'पुष्पक' याच जातीचे. मराठी इंजिनिअर डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली ते घडले आणि १९५८ साली उडाले. गावोगावच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. किटमध्ये याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८४ पासूनचे 'किटफॉक्स'. नळ्यांचा पिंजरा कारखान्यात सांधून मिळतो, कापड आपण ताणून चढवायचे. मोठा गुण असा, की पंख मागे दुमडता येतात. विमान गाडीवर घालून घरी नेता येते. दोष दोन. नळी आतून गंजली तर दिसत नाही, आणि कापड उन्हाने मरते. त्यावर चंदेरी लेप नीट दिला आणि वेळोवेळी तपासला तरच ते टिकते.

तिसरा प्रकार काचतंतू आणि राळ यांचा. फोमचे ठोकळे तारेने कापायचे आणि त्यावर काचतंतूचे कापड राळेत भिजवून चढवायचे. बर्ट रुटान यांनी १९७० नंतरच्या दशकात ही युक्ती रूढ केली. त्यांच्या 'लाँग-ईझी'च्या धर्तीचे विमान बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बांधून १९८७ साली उडवलेही. हे विमान वेगवान, थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाणारे, आणि दिसायला तर राजहंस. पण राळ दमट हवेत नीट बसत नाही, तिच्यावर मेणचट थर धरतो. म्हणजे पावसाळ्यात काम बंद किंवा खोली कोरडी ठेवण्याचा खर्च. वर राळेला ऊन सोसत नाही, म्हणून अशा विमानाला पांढराच रंग द्यावा लागतो. शिवाय लाँग-ईझीचा प्रोपेलर मागे असतो. पुढच्या चाकाने उडवलेला खडा थेट त्याच्यावर बसतो. त्याला लांब, झाडलेली, डांबरी धावपट्टी हवी. मुरमाड माळाचे हे काम नव्हे.

चौथा प्रकार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. आज किटमध्ये हाच बहुसंख्य. पत्रे यंत्रावर अचूक भोके पाडून येतात, त्यामुळे भोकाला भोक जुळले की आकार आपोआप बरोबर येतो. काम मुख्यतः रिव्हेटांचे. पूर्वी रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागत. एक बाहेरून ठोकणार, दुसरा आतून ठोकळा धरणार. आता पुष्कळ किटांत एकाच बाजूने ओढून बसवायचे रिव्हेट असतात, आणि एकटा माणूस संध्याकाळी दोन तास काम करू शकतो. झालेली चूक डोळ्यांना दिसते; भोक वाकडे गेले तर पत्रा बदलता येतो. राळेच्या कामात चूक आत दडून बसते. ॲल्युमिनियमलाही क्षरण होतेच, पण प्रत्येक तुकड्याला जोडण्यापूर्वी आतून संरक्षक लेप दिला तर मावळचा पाऊस ते सोसते.

या जातीतली दोन नावे तुलनेला घेऊ. व्हॅन्स कंपनीचे 'आरव्ही-१२' आणि झेनिथ कंपनीचे 'सीएच ७५०'. दोन्ही दोन आसनी. आरव्ही-१२ चा प्रवासाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर, आणि पंख काढून ठेवता येतात. पण ते सावकाश उडते तेव्हाही ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास असते. सीएच ७५० हे ख्रिस हाइंत्स या मूळ फ्रेंच इंजिनिअराच्या घराण्यातले. जाड पंख, पंखाच्या पुढच्या कडेला कायमची फट, जाड चाके, रूप अगदीच बेंगरूळ. वेग ताशी दीडशेच्या घरात. पण स्टॉलचा वेग साठच्याही खाली, आणि थोडक्या, खडबडीत जागेतून ते उठते. मघाचे खाचरांचे गणित आठवा, म्हणजे कौल कोणीकडे जातो ते दिसेल.

इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. या लहान विमानांचे आवडते इंजिन म्हणजे ऑस्ट्रियातले 'रोटॅक्स ९१२'. त्याची मोठी ख्याती ही, की ते मोटारीच्या पेट्रोलवर चालते. आपला माणूस खूश होतो : 'म्हणजे कामशेतच्या पंपावरून डबा भरून आणला की झाले!' थांबा. रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉलपर्यंत आहे, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हा मद्यार्क हवेतले पाणी ओढून घेतो, रबरी नळ्या-वायसर खराब करतो. आणि मावळच्या हवेत पाण्याला काय तोटा! म्हणजे विमानाचे खास पेट्रोल, ज्याला ॲव्हगॅस म्हणतात, तेच आणावे लागणार. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बडोद्याला बनवते, ही आनंदाची गोष्ट. पण ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही. शिवाय त्यात शिसे असते, म्हणून रोटॅक्सचे तेल लवकर लवकर बदलावे लागते. किट निवडताना इंजिन कोणते, त्याला इंधन कोणते आणि ते माझ्यापर्यंत येणार कसे, हे तीन प्रश्न एका दमात विचारावेत.

आता वेळ आणि पैसा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथे जितके खरे तितके कुठेच नाही. साधे धातूचे किट जोडायला हजार तास लागतील असे धरा. आठवड्याला आठ तास काम केले तर १२५ आठवडे, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे. तीही लग्नकार्ये, आजारपणे आणि पालखीचे दिवस न धरता! नकाशांवरून सगळे स्वतः कापायचे तर याच्या दुप्पट-तिप्पट. पैशाचे म्हणाल, तर किटची किंमत ही नुसती सुरुवात. इंजिन जवळजवळ तेवढ्याच किमतीचे. मग प्रोपेलर, उपकरणे, रंग, जहाजाचे भाडे, जकात. केरळातून इंग्लंडात जाऊन स्थायिक झालेल्या एका इंजिनिअराने २०२० च्या टाळेबंदीत चार आसनी किट घेऊन सुमारे दीड वर्षात विमान पुरे केले. त्याला एक लाख चाळीस हजार पौंडांच्या घरात खर्च आल्याचे वृत्तपत्रांत आले होते. दोन आसनी साधे विमान याहून पुष्कळ स्वस्त पडेल. पण लोणावळ्यात एखादे घर घ्यावे त्या मापाचा हा विचार आहे, मोटारसायकलीच्या मापाचा नव्हे.

जागा मोजायलाही विसरू नका. नऊ मीटर पंखांचे विमान सुटे सुटे बांधता येते, पण शेवटी ते दारातून बाहेर निघाले पाहिजे! चारकोपच्या गच्चीची आठवण ठेवा.

कारखानदाराची पत्रिकाही पाहावी. आपण मुलगी देताना घराणे पाहतो, तसेच हे. झेनिथच्याच 'सीएच ६०१ एक्सएल' या दुसऱ्या विमानाचे पंख हवेत तुटून अपघात झाले. २००९ साली अमेरिकेच्या अपघात-तपासणी मंडळाने ती विमाने जमिनीवर ठेवा अशी शिफारस केली, आणि नंतर पंखांना बळकटी देण्याचे बदल करावे लागले. व्हॅन्स ही किटांच्या धंद्यातली मातब्बर कंपनी, तिची अकरा हजारांवर विमाने उडाली. पण डिसेंबर २०२३ मध्ये तिलाही दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती त्यातून सावरून बाहेर आली. याचा अर्थ या कंपन्या वाईट, असा नाही. अर्थ इतकाच, की चूक झाल्यावर कोण काय करतो ते पाहावे, आणि सगळे पैसे एकदम देऊन मोकळे होऊ नये. किट भागाभागाने मिळते : आधी शेपूट, मग पंख, मग धड. तसेच घ्यावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. हे मी शेवटी ठेवले, पण तुम्ही सर्वांत आधी करायचे आहे. सरकारची परवानगी! अमेरिकेत नियम असा, की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मौजेसाठी बांधला असेल, तर त्याला प्रायोगिक म्हणून दाखला मिळतो. पहिले २५ ते ४० तास ते ठरवून दिलेल्या भागातच उडवायचे. तिकडे ही रुळलेली वाट आहे. आपल्याकडे तशी वहिवाट नाही. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. विमानाला नोंदणी हवी आणि उडण्यालायक असल्याचा दाखला किंवा खास परवाना हवा. तिकडे हजारोंनी उडणारे किट म्हणून ते इथे आपोआप चालेल, असे मुळीच नाही. शिवाय आपल्या आकाशाचा शेजार नाजूक आहे. लोहगावचा तळ हवाई दलाचा, लोणावळ्याला नौदलाची 'आयएनएस शिवाजी', देहूरोडला दारूगोळ्याचे कोठार. घरामागच्या माळावरून मनाला येईल तेव्हा उडू, हे मनातून काढूनच टाका. विमान ठेवायला आणि उडवायला बारामतीसारखी मान्य धावपट्टी गाठावी लागेल; ती लोणावळ्याहून दीडशे किलोमीटरांहून लांब आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहून अमुक नावाचे, अमुक वजनाचे, अमुक इंजिनाचे विमान नोंदले जाईल काय, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'बघू, होईल' या दोन शब्दांवर कोणाचे घर गहाण पडू नये. यादवांची बावीस वर्षे ध्यानात ठेवा म्हटले, ते याचसाठी. त्यांतला पुष्कळ काळ रिव्हेट मारण्यात नव्हे, तर वाट पाहण्यात गेला.

तर मग निवड काय झाली? मला कोणी विचारले, तर मी म्हणेन : परवानगीची वाट मोकळी दिसत असेल, तर मावळच्या माणसाने धातूचे, दोन आसनी, पुढे चाक असलेले, सावकाश उडणारे विमान निवडावे, सीएच ७५० च्या जातीचे. पुढचे चाक अशासाठी, की आपल्या उड्डाणशाळांतून माणूस शिकतो ते बहुतेक तशाच विमानांवर. ज्याला धावपट्टीवर छपराची जागा मिळणार नाही आणि विमान घरीच आणावे लागेल, त्याने दुमडत्या पंखांच्या किटफॉक्सचा विचार करावा आणि कापडाची निगा पत्करावी. ज्याला पुण्याहून गोव्याला झटकन जायचे आहे, त्याने आरव्ही-१२ पाहावे, पण मग चांगल्या धावपट्ट्या सोडू नयेत. आणि ज्याला परवानगीचे उत्तर 'नाही' असे आले, त्याने निराश न होता कामशेतला जाऊन कापडी पंखाखाली उडायला शिकावे. वारा, उचल, कड्याचे भोवरे यांचे जे शिक्षण तिथे मिळते, ते कोणत्याही पेटीत भरून येत नाही.

परवानगी असली तरी पहिल्याच दिवशी सगळे किट मागवू नका. झेनिथ कंपनीची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. नवख्या माणसाला ती दोन दिवस कारखान्यात बोलावते आणि त्याच्याकडून फक्त सुकाणू बांधून घेते. ते घेऊन तो घरी जातो. कंपनीकडे जाणे आपल्याला जमले नाही, तरी शेपटीचा संच तेवढा मागवता येतो. एका पावसाळ्यात, दारे लावून, बाहेर धो-धो कोसळत असताना ते जोडून पाहा. उडण्याचा परवाना काढायला कमीत कमी ४० तासांचे उड्डाण लागते. त्याचीही सुरुवात त्याच काळात करा. पावसाळा संपताना स्वतःला विचारा : हात रमले का? चुकलेले भोक दडपावेसे वाटले, की पत्रा बदलावासा वाटला?

हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. विमानात दोन आसने असतात. पहिल्यावर तुम्ही बसाल. दुसऱ्यावर एक दिवस तुमची बायको बसेल, किंवा मुलगा हट्ट धरून बसेल. ती दोघे रिव्हेट मोजणार नाहीत, ती तुमच्या तोंडाकडे पाहून बसतील. चुकलेला पत्रा जो रात्री दहा वाजताही, कोणी पाहत नसताना, काढून टाकतो आणि दुसरा घेतो, त्याने विमान जरूर बांधावे. ज्याला 'चालेल, कोण पाहतंय' असे वाटले, त्याने ते सुकाणू भिंतीवर शोभेला लावावे आणि निर्धास्त झोपावे. तसे केले तरी तोटा काही नाही. एका सुकाणूच्या किमतीत आपली ओळख पटली, हे काही महाग पडले असे मी म्हणणार नाही.